बावीस इंची बेस ड्रमला कोणते हेड लावावे?

माझ्याकडचा बेस ड्रम, म्हणजे आडवा ठेवून पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम, २२ इंच व्यासाचा आणि १८ इंच खोलीचा आहे. शेल, म्हणजे ड्रमचे गोल अंग, बर्च लाकडाचे असून दोन्ही बाजूंना प्रत्येकी आठ लग आहेत; हेड ताणणारे रॉड या लगमध्ये फिरतात. ठाणे, डोंबिवली आणि पुण्याच्या नाट्यगृहांत होणाऱ्या मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात तो वाजतो, गणपतीत आणि कोजागिरीला उघड्या मैदानावर वाजतो आणि उरलेले दिवस दहा बाय बाराच्या सरावाच्या खोलीत काढतो. गेल्या दोन वर्षांत याच एका ड्रमवर मी रेमो कंपनीचे पॉवरस्ट्रोक ३, एव्हान्सचे ईमॅड, अ‍ॅक्वेरियनचे सुपर किक १ आणि रेमोचेच साधे अ‍ॅम्बॅसॅडर अशी चार हेड लावून पाहिली. शेल, पेडल, वाजवणारा पाय आणि बहुतेक वेळा सभागृहही तेच असल्यामुळे आवाजात पडलेला फरक हेडचा आणि त्याच्या ताणाचा होता, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो.

ढोलपथकात ज्याला पान म्हणतात त्यालाच ड्रमर हेड किंवा स्किन म्हणतात. स्किन हा शब्द वासराच्या कातड्याच्या काळातला आहे. कातडे दमट हवेत सैल पडते आणि कोरड्या हवेत आवळते, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा स्वर सांभाळणे किती कठीण असते हे तबला-ढोलकीवाल्यांना वेगळे सांगायला नको. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॉलिएस्टरच्या फिल्मची हेड बाजारात आली आणि हा प्रश्न जवळजवळ संपला. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये कंपनी काढली, चिक एव्हान्स यांची हेडही त्याच सुमाराची आहेत, तर अ‍ॅक्वेरियन १९८० मध्ये सुरू झाली. आज आपण घेतो ती जवळजवळ सगळी हेड याच फिल्मची असतात. फरक असतो तो फिल्मच्या जाडीत, पदरांच्या संख्येत आणि आवाज दाबण्यासाठी कडेला केलेल्या व्यवस्थेत. जाडी मिलमध्ये सांगतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे १० मिलची फिल्म साधारण पाव मिलिमीटर जाड असते.

कडेची ही व्यवस्था लागतेच का, हे समजून घेतले तर निवड पुष्कळ सोपी होते. गोल ताणलेल्या साध्या पडद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उठणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत येत नाहीत. आदर्श पडद्यासाठी ते १.५९, २.१४, २.३० अशा पटींत येतात, म्हणून अशा पडद्याचा आवाज सुरेल न वाटता नुसताच घुमणारा वाटतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळे हेच उपस्वर पूर्णांक पटींच्या जवळ कसे येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३५ मध्ये सविस्तर दाखवून दिले. बेस ड्रमला शाई नसते. तिथे नको असलेले उपस्वर सुरेल करण्याचा मार्ग उपलब्ध नसल्यामुळे ते दाबावे लागतात, आणि ते हेडच्या कडेजवळ दाबले तर मूळ स्वराला कमी धक्का बसतो. ठोका बरोबर मध्यावर पडला तर सर्व बाजूंनी सारखी असणारी कंपनेच प्रामुख्याने उठतात आणि १.५९ व २.१४ पटींचे उपस्वर जवळजवळ गप्प राहतात. बीटर, म्हणजे पेडलचा हेडवर आपटणारा गोळा, मध्यापासून सरकला की ते जागे होतात. म्हणून हेडला दोष देण्यापूर्वी बीटरची उंची पाहावी. १८ इंची ड्रमवर सामान्य पेडलचा बीटर मध्याच्या बराच वर लागतो आणि त्यासाठी ड्रमखाली उंचवटा द्यावा लागतो. २२ इंचांवर हा त्रास सहसा होत नाही.

आता प्रत्यक्ष हेडकडे येतो. पॉवरस्ट्रोक ३ मध्ये १० मिलचा एकच पदर असून कडेने आतल्या बाजूस एक पातळ पट्टी बसवलेली आहे. एवढ्याशा पट्टीने काय होणार, असे मला ते हातात घेतल्यावर वाटले होते, परंतु साध्या हेडवरून यावर आल्यावर पहिल्याच ठोक्याला फरक जाणवला. आवाजाच्या शेपटीत राहणारी धातूसारखी टणटण निघून गेली, घुमारा मात्र शिल्लक राहिला, आणि तो किती ठेवायचा हे अजूनही माझ्या हातात होते. कमी ताणावर ते जाड, बसका आणि आटोपशीर ठोका देते. रॉड अर्धा फेरा आवळून ताण वाढवला की ड्रमला स्वर येतो आणि माइक नसलेल्या छोट्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याइतकी लांबीही येते. एकाच हेडमधून इतक्या वेगवेगळ्या ताणांवर उपयोगी आवाज मिळणे हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि ज्याला एकच हेड घ्यायचे आहे त्याने हेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. कोटेड (वर खरखरीत लेप असलेले) आणि क्लिअर (पारदर्शक) हे दोन्ही प्रकार मी वापरले. कोटेड हेडवर ठोक्याची धार किंचित बोथट आणि उबदार वाटते, फेल्टच्या बीटरबरोबर भावगीताला ती शोभते. क्लिअरमध्ये ठोका अधिक स्पष्ट असतो.

ईमॅडची कल्पना वेगळी आहे. पदर १० मिलचा आणि एकच, पण हेडच्या बाहेरच्या बाजूस कडेने प्लास्टिकची एक खाच असते आणि तिच्यात फोमची गोल पट्टी बसवता येते. कमी-जास्त आकाराच्या दोन पट्ट्या सोबत मिळतात, आणि दोन्ही काढून ठेवण्याचीही सोय आहे. याचा खरा लाभ कार्यक्रमाच्या दिवशी कळतो. ठाण्याच्या एका नाट्यगृहात ध्वनिचाचणी चालू असताना मिक्सरवरच्या मुलाने सांगितले, “दादा, किकची शेपूट थोडी कमी करा, ढोलकी बुडतेय.” किक म्हणजे बेस ड्रमच. मी ड्रमच्या आत हात न घालता बाहेरची बारीक पट्टी काढून जाड पट्टी बसवली आणि दोन मिनिटांत काम झाले. पॉवरस्ट्रोक असते तर समोरच्या, म्हणजे प्रेक्षकांकडच्या, हेडच्या भोकातून हात घालून आत टॉवेल कोंबावा लागला असता.

ढोलकीचा हा मुद्दा मी मुद्दाम लिहीत आहे, कारण परदेशी ड्रमरांच्या परीक्षणांत तो कधी येणार नाही. आपल्या ऑर्केस्ट्रात लावणी, कोळीगीत किंवा जोगवा सुरू झाला की खालच्या पट्टीतली जागा किकची एकटीची राहत नाही. ढोलकीची डावी पुडी, आतून मसाला लावलेली, तळहाताच्या दाबाने जो वळणदार घुमारा देते तो याच भागात राहतो, आणि गाण्याची ओळख तोच घुमारा असतो. किक लांब वाजली तर ती त्याच्यावर चढते आणि दोन्ही मिळून नुसता गडगडाट ऐकू येतो. अशा गाण्यांत किकचा आवाज आखूड हवा, ठोक्याची सुरुवात स्पष्ट हवी आणि मागची जागा ढोलकीसाठी मोकळी सोडायला हवी. जाड फोम लावलेले ईमॅड हे काम माझ्या चारही हेडमध्ये सर्वांत नेमके करते. दोनपदरी ईमॅड २ माझ्या एका मित्राच्या ड्रमवर मी वाजवले आहे. ते अधिक जाड, अधिक टिकाऊ आणि आणखी आखूड आवाजाचे आहे. जोरात वाजवणाऱ्या रॉक ड्रमरला ते मानवेल, माझ्या पायाला ते जड वाटले.

माइकशिवाय मात्र ईमॅडची निवड मी करणार नाही. सरावाच्या खोलीत स्टुलावर बसून ऐकताना ते अगदी तयार, ध्वनिमुद्रणातल्यासारखे वाटते. त्याच ड्रमपासून वीस फुटांवर उभे राहिले की नुसता ठोका येतो, अंग येत नाही. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही, कारण माइक ड्रमच्या आत आणि स्पीकर समोर असे धरूनच ते घडवलेले आहे.

सुपर किक १ मध्येही १० मिलचा एक पदर आहे, परंतु कडेच्या रिंगला फेल्ट जोडलेले आहे आणि ते हेडच्या आतल्या बाजूने टेकते. ते लावले आणि जरा ताणले की आत काहीही न ठेवता आवाज तयार असतो. ज्याला जुळवणीत वेळ घालवायचा नाही, शाळेच्या किंवा चर्चच्या ड्रमवर हेड लावून ते वर्षभर विसरायचे आहे, त्याच्यासाठी ते उत्तम आहे. आवाज गोल आणि जाड आहे, ईमॅडपेक्षा किंचित मऊ. फोमप्रमाणे कमी-जास्त करण्याची सोय नसल्यामुळे माझ्या कामाला ते कमी उपयोगी पडले, एवढेच.

अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे १० मिलचा नुसता पदर, कडेला काहीही नाही. मध्यम ताणावर, समोरचे हेड भोक न पाडता अखंड ठेवून, ते पिआनो आणि डबल बास यांच्या जोडीला वाजवले तर फार सुंदर लागते. ड्रम मग तालाबरोबर स्वरही देतो आणि मऊ बीटरने हळू वाजवलेला ठोकादेखील जिवंत राहतो. जाझ वाजवणारे १८ किंवा २० इंची ड्रमवर असेच हेड, किंवा कातड्याची आठवण देणारे फायबरस्किन, चढ्या स्वरात लावतात. मराठी ऑर्केस्ट्रात मात्र मला ते दोन कार्यक्रमांनंतर उतरवावे लागले.

स्थानिक बनावटीच्या हेडबद्दलही लिहायला हवे, कारण आयात केलेल्या २२ इंची हेडला काही हजार रुपये मोजावे लागतात आणि शिकणाऱ्या मुलाला ते परवडत नाहीत. मी एका देशी कंपनीचे हेड वर्षभर वापरले होते. कमी ताणावर त्याचा आवाज खरोखर वाईट नव्हता. पण गणपतीत एका मैदानावर ऐन कार्यक्रमात फिल्म रिंगमधून एका बाजूने सुटली आणि उरलेली गाणी मी फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर पायांवर उभ्या असलेल्या ड्रमवर, काढली. तेव्हापासून हेड घेताना मी दुकानातच रिंग आणि फिल्म जिथे जोडली जाते ती जागा बोट फिरवून पाहतो, हेड सपाट काउंटरवर ठेवून ते डगमगते का ते तपासतो आणि मधोमध टिचकी मारून आवाज सगळीकडे मोकळा येतो का ते ऐकतो. खुळखुळ असा कोरडा आवाज आला तर ते हेड परत ठेवतो, मग नाव कोणतेही असो. शिकणाऱ्याने सरावासाठी देशी हेड जरूर लावावे. कार्यक्रमासाठी पैसे साठवावेत आणि तेही आधी मागच्या, म्हणजे बीटर लागतो त्या हेडसाठी.

हेड कितीही चांगले असले तरी ते वाकडे बसले तर सगळा खर्च वाया जातो, आणि बेस ड्रमची जुळवणी आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहते. स्नेअरसाठी, म्हणजे खाली तारा असलेल्या छोट्या ड्रमसाठी, तासभर घालवणारा ड्रमर बेस ड्रमचे रॉड हाताला लागतील तसे आवळतो आणि आत उशी कोंबतो. मी पुढील क्रमाने जातो आणि त्यासाठी निवांत एक सकाळ राखून ठेवतो. जुने हेड काढले की शेलची कड कोरड्या फडक्याने पुसतो. वर्षभरात लाकडाची भुकटी, धूळ आणि फोमचे कण तिथे साचलेले असतात. मग शेल सपाट फरशीवर कडेवर ठेवून आत टॉर्च पेटवतो आणि खोलीतला दिवा बंद करतो. कडेखालून कुठे प्रकाशाची फट दिसली तर तिथे हेड कधीच नीट टेकणार नाही, आणि मग सुताराच्या नव्हे, ड्रम दुरुस्त करणाऱ्याच्या हाती ते काम द्यावे, कारण त्या कडेचा कोन बिघडला तर शेलच निकामी होते.

नवे हेड ठेवून हूप, म्हणजे हेडला दाबून धरणारे कडे, बसवला की आठही रॉड बोटांनी, किल्ली न लावता, टेकतील तेवढेच फिरवतो. त्यानंतर समोरासमोरच्या जोड्या घेत प्रत्येकी अर्धा फेरा देतो. शेजारच्या रॉडवर क्रमाने जाण्याचा मोह टाळावा, कारण हेड एका बाजूला ओढले जाते आणि मग ते सरळ होत नाही. सुरकुत्या जायला लागल्या की मधोमध दोन्ही तळहात ठेवून अंगाचे थोडे वजन देतो. नव्या हेडमधून अशा वेळी कटकट आवाज येतो, तो रिंगमधल्या गोंदाचा असतो, घाबरण्याचे कारण नाही. दाबल्यावर कुठे पुन्हा सुरकुती दिसली तर त्या जागेच्या रॉडला पाव फेरा. शेवटची सुरकुती जिथे नाहीशी होते तो ताण म्हणजे त्या हेडचा सर्वांत खालचा उपयोगी स्वर. तिथून वर एक पाव फेरा सगळीकडे दिला की माझे मागचे हेड जागेवर येते.

याहून सैल ठेवले तर अधिक बेस मिळेल, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि सुरुवातीला मलाही तो पटलेला होता. प्रत्यक्षात एका मर्यादेखाली फिल्म कंप पावणेच सोडते, मूळ स्वर विरून जातो आणि उरतो तो पुठ्ठ्यावर मारल्यासारखा ठोका. माझ्या ड्रमचा मूळ स्वर ५० ते ७० हर्ट्झच्या दरम्यान असताना सभागृहात त्याचे वजन सर्वांत जास्त जाणवते. पेडलच्या उसळीवरही परिणाम होतो: सैल हेड बीटरला परत फेकत नाही आणि जलद दुहेरी ठोके पायाला जड जातात.

समोरच्या हेडने आवाजाची लांबी आणि स्वर ठरतो, असे मी अनुभवाने मानू लागलो आहे. दोन हेडच्या मधली हवा दोघांना बांधून ठेवते, म्हणून एकाला हात लावला की दुसऱ्याचा आवाज बदलतो. मी समोरचे हेड मागच्यापेक्षा अर्धा फेरा जास्त ताणतो. तेवढ्याने ड्रमला चढा कणा मिळतो आणि मागचे हेड सैल राहूनही आवाज ढिला पडत नाही. दोन्ही हेड अगदी एकाच स्वरात लावली तर घुमारा सर्वांत लांबतो. तो अ‍ॅम्बॅसॅडरबरोबर हवासा वाटला, ऑर्केस्ट्रात नकोसा. प्रत्येक हेड जुळवताना दुसरी बाजू गालिच्यावर पालथी ठेवावी म्हणजे तिचा आवाज मध्ये येत नाही, आणि प्रत्येक रॉडपासून दोन इंचांवर बोटाने टिचकी मारून आठही जागांचा स्वर कानाने मिळवावा. तबल्याचे गठ्ठे ठोकताना घर मिळवतात, त्याच्याशी हे काम फार जवळचे आहे, आणि ज्याने लहानपणी तबला शिकला आहे त्याला ते पटकन साधते.

समोरच्या हेडला भोक पाडावे की नाही, हा प्रश्न माइकशी बांधलेला आहे. मी मध्यापासून बाजूला पाच इंची भोक ठेवले आहे. त्यातून माइक आत जातो, थोडी हवा बाहेर पडते आणि बीटर हेडमध्ये दाबून ठेवला तरी तो थरथरत नाही. अखंड हेड असताना मात्र आत कोंडलेली हवा बीटरला मागे ढकलते आणि दाबून वाजवणाऱ्याचा एकाऐवजी दोन बारीक ठोके पडण्याचा धोका असतो. त्या वेळी बीटर लगेच सोडण्याची सवय लावून घ्यावी लागते. भोक फार मोठे केले तर समोरचे हेड असून नसल्यासारखे होते. ते घरी कात्रीने कधीही कापू नये. कडेला बारीकशी चीर राहिली तरी ती पुढे पसरते. भोक पाडून आलेले हेड घ्यावे किंवा कडेला बसवायची प्लास्टिकची रिंग मिळते ती वापरावी.

आत किती कापड ठेवायचे? कडेची व्यवस्था असलेले हेड घेतल्यावर उशीची गरज मला राहिलेली नाही. हाताएवढी गुंडाळी केलेला एक टॉवेल, दोन्ही हेडना जेमतेम टेकलेला, एवढेच मी ठेवतो, आणि तेही फक्त पॉवरस्ट्रोक असताना. ज्यांच्या ड्रममध्ये अजूनही पूर्ण गोधडी कोंबलेली आहे त्यांनी ती एकदा काढून, समोरचे हेड अर्धा फेरा चढवून ऐकावे. बीटरमध्ये मी फेल्ट वापरतो. लाकडी बीटरने ठोका धारदार होतो, पण त्याच्याबरोबर हेडवर संरक्षक चकती चिकटवणे आवश्यक आहे. रेमोची फॅलम स्लॅम ही चकती कडक असल्यामुळे ठोक्यात थोडी टकटकही मिसळते, मऊ कापडी चकतीने ती कमी येते. शब्द स्पष्ट ऐकू यावेत अशा गाण्यांत मला मऊ चकती बरी वाटली.

या सगळ्यात एक गोष्ट मी कधी टाळत नाही. जुळवणी झाल्यावर विद्यार्थ्याला वाजवायला बसवतो आणि स्वतः दहाव्या रांगेत जाऊन उभा राहतो. स्टुलावर बसून जो घुमारा जास्त वाटतो तो तिथे अगदी बेताचा असतो, आणि जो ठोका नेमका वाटतो तो तिथे पातळ. माझी समोरच्या हेडची अर्ध्या फेऱ्याची वाढ तिथेच उभे राहून ठरली आहे.

सध्या माझ्या ड्रमवर मागे ईमॅड बारीक फोमसह आणि समोर भोक असलेले पॉवरस्ट्रोक ३ अशी जोडी आहे. माइक नसलेल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी मागेही पॉवरस्ट्रोक कोटेड चढवतो. हेड लावल्याची तारीख रिंगजवळ मार्करने लिहून ठेवतो. बीटर लागतो तिथे बोटाला खळगा जाणवू लागला, किंवा चारही बाजू जुळवूनही स्वर एकसारखा येईनासा झाला, की मागचे हेड बदलतो. समोरच्या हेडवर लिहिलेली तारीख अजून पहिलीच आहे.